कुटुंब दोघांचे, शस्त्रक्रिया एकीची

दिवाळी उलटून थंडी पडू लागली की आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयांत कुटुंबनियोजन शस्त्रक्रियांचा हंगाम सुरू होतो. अशा एखाद्या रुग्णालयाच्या ओसरीवर सकाळी जाऊन बसले, तर दिसणारे दृश्य गेली कित्येक वर्षे बदललेले नाही. विशी-पंचविशीतल्या दहा-बारा स्त्रिया उपाशीपोटी भिंतीला टेकून बसलेल्या असतात. कोणाच्या मांडीवर सहा महिन्यांचे मूल असते, कोणाची आई किंवा सासू दुसरे मूल सांभाळत असते. आशा कार्यकर्ती हातात कागद घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे धावत असते. आणि या सगळ्या कुटुंबांचे पुरुष फाटकाबाहेर मोटारसायकलींना टेकून चहा पीत उभे असतात. कुटुंब दोघांचे, मुले दोघांची, पुढे मूल नको हा निर्णयही बहुधा दोघांचा. पण शस्त्रक्रिया मात्र एकीची. या वाटणीचे कोणालाही नवल वाटत नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय हे नवल न वाटणे हाच आहे.

आकडेवारी या दृश्याला दुजोरा देते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्त्रीच्या नसबंदीचा मार्ग पत्करला होता. पुरुषाच्या नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. ढोबळमानाने सांगायचे, तर सव्वाशे स्त्रियांमागे एक पुरुष. सुधारणांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याच्या आसपास विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली आणि पुरुषांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खालीच राहिले. ज्या मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि ज्या भाषेत १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, त्या मुंबईची आणि त्या भाषेची ही शंभर वर्षांनंतरची कमाई आहे.

शरीरशास्त्राचा कौल

दोन पर्यायांतून एक निवडायचा असेल, तर त्यांचे लाभ आणि खर्च शेजारी शेजारी मांडून पाहावेत, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. येथे तसे कोणी करताना दिसत नाही. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन नलिका वृषणकोशाच्या त्वचेखाली अगदी वर, बोटांना लागतील अशा ठिकाणी असतात. तेवढी जागा बधिर करायची, नलिका बाहेर घ्यायच्या, कापून बंद करायच्या आणि परत सोडून द्यायच्या, एवढीच ही शस्त्रक्रिया. चीनमधील सेचुआन प्रांताचे डॉक्टर ली शुनच्यांग यांनी १९७४ मध्ये तिची अधिक सुटसुटीत पद्धत शोधून काढली. तीत चाकूचा छेदही घ्यावा लागत नाही. एका बारीक छिद्रातून दोन्ही नलिका हाताळल्या जातात, टाका पडत नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते. माणूस आपल्या पायांनी घरी जातो. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड काम आणि सायकल टाळणे, इतके पथ्य पुरते. नव्वदच्या दशकात ही बिनटाक्याची पद्धत आपल्या सरकारी कार्यक्रमातही आली.

याउलट स्त्रीच्या बीजवाहिनी पोटाच्या आत असतात. तेथवर पोहोचायचे तर उदरपोकळी उघडावी लागते, मग छेद मोठा असो वा दुर्बिणीपुरता. भूल अधिक द्यावी लागते, आतड्याला किंवा रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका असतो आणि गुंतागुंत झालीच तर ती जिवावर बेतू शकते. अपयशाचे प्रमाणही पुरुषाच्या बाजूने झुकते. पहिल्या वर्षात स्त्रियांच्या शस्त्रक्रियेनंतर हजारी सुमारे पाच, तर पुरुषांच्या शस्त्रक्रियेनंतर हजारी एक-दोन गर्भधारणा होतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सोपी, सुरक्षित, स्वस्त आणि अधिक खात्रीची अशी वस्तू बाजारात पडून राहावी आणि अवघड, धोक्याची, महाग वस्तू सव्वाशेपट खपावी, असे अन्य कोणत्या क्षेत्रात घडले असते, तर आम्हा अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी त्यावर प्रबंध लिहिले असते.

पुरुषांच्या मनातील भीती खोटी आहे, एवढे म्हणून मात्र भागत नाही; ती कोणती आहे हे सांगून तिचे निरसन करावे लागते. पुरुषत्व ज्या टेस्टोस्टेरॉन या द्रव्यावर अवलंबून असते, ते वृषणातून थेट रक्तात मिसळते. बंद केलेल्या नलिकांशी त्याचा संबंध नाही. इच्छा, सामर्थ्य, आवाज, दाढीमिशा, स्नायूंचे बळ यांत काही फरक पडत नाही. वीर्याचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच राहते, कारण शुक्रजंतूंचा त्यातील वाटा शेकडा दोन ते पाच इतकाच असतो. काहींना सूज येते, थोड्यांना जंतुसंसर्ग होतो आणि शंभरात एक-दोघांना दीर्घकाळ टिकणारी वेदना होऊ शकते. हेही सांगितले पाहिजे. पण ‘अशक्तपणा येतो, ओझे उचलवत नाही’ या समजुतीला वैद्यकशास्त्रात आधार नाही. गंमत अशी की, तोच अशक्तपणा बायकोला आला तर काय, हा प्रश्न ती समजूत बाळगणारे विचारीत नाहीत.

इतिहासाने फिरवलेली पाठ

ही स्थिती पूर्वीपासून अशीच होती असे जर कोणाला वाटत असेल, तर तो भ्रम आहे. भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा शासकीय कार्यक्रम हाती घेतला, आणि पहिली दोन-अडीच दशके नसबंदी म्हणजे मुख्यतः पुरुषांची नसबंदी असेच समीकरण होते. १९६७-६८ या एका वर्षात देशात झालेल्या सुमारे १८ लाख ४० हजार शस्त्रक्रियांपैकी साडेसोळा लाखांच्या आसपास पुरुषांच्या होत्या. मुंबईत महापालिकेच्या कुटुंबनियोजन विभागाचे प्रमुख डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवरच शस्त्रक्रियेची केंद्रे थाटली होती. केरळात एर्नाकुलमच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जुलै १९७१ मध्ये भरवलेल्या महिनाभराच्या शिबिरात ६३ हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या जवळजवळ सर्व पुरुषांच्या होत्या. या सगळ्याला पैशाचे आणि भेटवस्तूंचे आमिष होते, हे खरे. आमिषाने घेतलेला निर्णय कितपत स्वतंत्र, हा प्रश्न तेव्हाही होता. परंतु भारतीय पुरुष नसबंदीला तयारच होत नाही, हे विधान इतिहासाला धरून नाही.

मग आली आणीबाणी. १९७६-७७ मध्ये सुमारे ८२ लाख ६० हजार शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस, सर्वांना ‘केसेस’ आणण्याचे आकडे वाटून देण्यात आले. पगार अडले, बढत्या अडल्या, रेशनकार्डे अडली. शहा आयोगापुढे नसबंदीनंतरच्या १,७७४ मृत्यूंची नोंद झाली, तर अविवाहितांची नसबंदी झाल्याच्या ५४८ तक्रारी आल्या. महाराष्ट्राने तर याबाबतीत सर्वांच्या पुढे पाऊल टाकले. तीन अपत्ये असलेल्यांवर नसबंदीची सक्ती करणारे विधेयक आपल्या विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केले होते. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आले नाही, एवढेच आपले भाग्य.

माझे वडील त्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत नवे नवे शिक्षक होते. त्यांच्या वाट्याला दोन केसेस आल्या होत्या आणि त्या भरेपर्यंत पगार मिळणार नव्हता. गावातल्या एका शेतमजुराला त्यांनी तयार केले. त्याला दोन मुलगे होते, पैशाची नड होती आणि गुरुजींच्या शब्दावर विश्वास होता. पुढे पाच-सहा वर्षांनी त्याचा धाकटा मुलगा सर्पदंशाने गेला. तो माणूस वडिलांना कधी काही बोलला नाही. भेटला की पूर्वीसारखाच रामराम करायचा. पण वडील नंतर त्याच्या वस्तीवरून जाणारी वाट टाळून लांबच्या वाटेने शाळेत जात. कायमस्वरूपी या शब्दाचा अर्थ मी लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकात वाचण्याआधी त्या लांबच्या वाटेवर शिकलो.

१९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी या अतिरेकाचा निकाल लावला. १९७७-७८ मध्ये शस्त्रक्रियांची संख्या साडेनऊ लाखांच्या आत आली आणि त्यांत पुरुष जेमतेम एक पंचमांश उरले. खात्याचे नाव ‘कुटुंबनियोजन’ बदलून ‘कुटुंबकल्याण’ झाले. पण लक्ष्यांचा कारभार संपला नाही. त्याने फक्त आपले गिऱ्हाईक बदलले. सरकारे पडू शकतात हे पुरुषांच्या नसबंदीने राज्यकर्त्यांना शिकवले होते. स्त्रियांच्या शस्त्रक्रियेने सरकार पडल्याचे उदाहरण नव्हते. बाळंतपणासाठी त्या रुग्णालयात येतातच, समोर सापडतात आणि फारसा विरोध करीत नाहीत, हा प्रशासनाचा सोयीचा हिशेब होता. १९९६ मध्ये केंद्राने लक्ष्ये अधिकृतपणे रद्द केली. तोवर ओसरीवरचे दृश्य कायम झाले होते. त्या सोयीची किंमत छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्याने नोव्हेंबर २०१४ मध्ये चुकवली. तेथील एका शिबिरात एकाच दिवशी काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि १३ जणींचा बळी गेला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. पुरुषांवर झालेल्या सक्तीचे स्मरण देशाला आजही आहे. पण तिच्या परिणामी स्त्रियांवर पडलेल्या भाराची नोंद कोणत्याही आयोगाने घेतलेली नाही.

न दिसणारा खर्च

पुरुष पुढे यावेत म्हणून शासनाने काही केले नाही असे नाही. २००७ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार पुरुषाला ११०० रुपये, तर दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जातीजमातींच्या स्त्रीला ६०० रुपये भरपाई ठरली. २०१४ मध्ये अधिक जन्मदराच्या ११ राज्यांसाठी पुरुषांची रक्कम २००० रुपये करण्यात आली. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पुरुष नसबंदी पंधरवडाही साजरा होऊ लागला. असे असूनही २०१५-१६ च्या पाहणीत पुरुषांचे प्रमाण ०.३ टक्के होते आणि २०१९-२१ मध्येही ते ०.३ टक्केच राहिले. किंमत वाढवूनही पुरवठा हलत नसेल, तर अडचण किमतीची नाही, असा निष्कर्ष काढावा लागतो.

अडचण हिशेबाच्या पद्धतीत आहे. खेड्यातल्या कोणत्याही घरात हा विषय निघाला की पहिले उत्तर येते, ‘त्याचा रोज बुडेल.’ पुरुषाने दोन दिवस घरी बसले तर दोन दिवसांची मजुरी जाते. हा खर्च सर्वांना दिसतो. स्त्री आठवडाभर वाकू शकली नाही, तर पाणी कोण भरणार, गोठा कोण काढणार, लहान मूल कोण उचलणार? हा खर्च तिची आई, मोठी मुलगी किंवा ती स्वतः टाक्यावर हात धरून भागवते. ज्या श्रमाला मजुरी नाही त्याची राष्ट्रीय उत्पन्नात गणना होत नाही, अशी उणीव आम्ही वर्गात शिकवतो. त्या उणिवेचा परिणाम घराच्या उंबऱ्याच्या आत इतका थेट होत असेल, हे आम्ही शिकवीत नाही. बिनपगारी काम म्हणजे बिनखर्चाचा माणूस, असे समीकरण घराघरांत पक्के झाले आहे. शिवाय ती स्वतःही मजुरीला जाणारी असते आणि तिचाही रोज बुडतो, हे तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी अडचण निर्णयाच्या अधिकाराची. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला खर्च सोसावा लागत नाही, आणि जिला खर्च सोसावा लागतो तिच्या हाती निर्णय नाही. अशा रचनेत निवड चुकीचीच होणार. वर उल्लेखिलेल्या २०१९-२१ च्या पाहणीत दर तीन पुरुषांपैकी एकाहून अधिक जणांनी असे मत दिले की, गर्भनिरोधन हे बायकांचे काम आहे, पुरुषाने त्याची काळजी करू नये. आणि शासनाची यंत्रणाही याच मताची वाहक झाली आहे. गावात घरोघर जाणारी आशा स्त्री, ती बोलते स्त्रीशी, तिच्या वहीत नाव स्त्रीचे. नवऱ्याला विचारण्याची जागाच त्या वहीत नसेल, तर त्याने नकार दिला असेही म्हणता येत नाही. त्याला कोणी विचारलेलेच नसते.

आक्षेप आणि उत्तरे

काही आक्षेप मात्र वजनदार आहेत. पहिला, ही शस्त्रक्रिया कायमची आहे. नलिका पुन्हा जोडता येतात, पण त्यानंतर मूल होईलच याची हमी नाही. मूल दगावले, पुनर्विवाह झाला, तर काय? माझ्या वडिलांच्या अनुभवानंतर हा आक्षेप मी हलक्याने घेऊ शकत नाही. म्हणूनच ज्याच्या मनात थोडीही शंका आहे त्याने तांबी, गोळ्या, निरोध अशा तात्पुरत्या साधनांकडे वळावे, हेच योग्य. परंतु कायमस्वरूपाचा हा आक्षेप स्त्रीच्या शस्त्रक्रियेलाही तितकाच लागू आहे. आपल्या देशात ती बहुधा पंचविशी-सव्विशीतच उरकली जाते, तेव्हा हा आक्षेप कोणाला का सुचत नाही?

दुसरा आक्षेप स्त्रियाच घेतात, आणि तो अधिक हृदयाला भिडणारा आहे. नवऱ्याची शस्त्रक्रिया होऊनही दिवस गेले, तर संशय तिच्यावर येणार. ही भीती काल्पनिक नाही. तिचे मूळ एका साध्या गोष्टीच्या अज्ञानात आहे. शस्त्रक्रियेनंतर नलिकांत साठलेले शुक्रजंतू संपायला सुमारे तीन महिने लागतात. तोवर अन्य साधन वापरावेच लागते आणि नंतर वीर्यतपासणी करून खात्री करून घ्यावी लागते. बहुतेक ‘अपयशे’ ही या तीन महिन्यांची आणि न केलेल्या तपासणीची असतात. डॉक्टरांनी नवऱ्याला एकट्याला नव्हे, तर दोघांना समोर बसवून हे सांगितले, तर कित्येक संसार संशयापासून वाचतील.

तिसरा आक्षेप माझ्या व्यवसायबंधूंचा. देशाचा एकूण जननदर २०१९-२१ च्या पाहणीतच २.० वर आणि महाराष्ट्राचा १.७ वर आला असताना हा विषय उकरण्याचे प्रयोजन काय? माझे म्हणणे नेमके उलट आहे. जोवर नसबंदी हे लोकसंख्या कमी करण्याचे हत्यार होते, तोवर तिच्याभोवती सक्तीची सावली होती. आता ती गरज उरलेली नाही, तेव्हाच हा प्रश्न त्याच्या खऱ्या रूपात पाहता येईल. राष्ट्राने किती मुले जन्माला घालावीत, हा प्रश्न बाजूला ठेवू. एका घरातील दोन माणसांनी आपला भार कसा वाटून घ्यावा, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो न्यायाचा आहे.

करण्यासारखे थोडेसे

ही गोष्ट होऊ शकते याचे दाखले आहेत. हिमाचल प्रदेशात २००५-०६ मध्ये सहा टक्क्यांच्या आसपास जोडप्यांनी पुरुष नसबंदी स्वीकारली होती, तेव्हा देशाची सरासरी एक टक्का होती. शेजारच्या भूतानमध्ये ही पद्धत सर्वसामान्य मानली जाते. यासाठी लक्ष्ये नकोत. मध्य प्रदेशात फेब्रुवारी २०२० मध्ये पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यांनी किमान एक पुरुष आणावा, नाही तर पगार रोखू, असे परिपत्रक निघाले आणि गदारोळ होताच मागे घ्यावे लागले. जुनी खोड अजून गेलेली नाही, एवढेच त्यातून दिसले. त्याऐवजी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या वारी बिनटाक्याची शस्त्रक्रिया करणारा प्रशिक्षित डॉक्टर आणि वीर्यतपासणीची सोय असावी. गर्भवतीच्या तपासणीच्या वेळी पतीलाही बोलावून दोघांशी बोलावे. पुरुष आरोग्यसेवकांची पदे भरावीत. आणि भरपाई देताना ती ‘बक्षीस’ नसून बुडालेल्या मजुरीची भरपाई आहे, हे दोघांच्याही बाबतीत मान्य करावे. मग स्त्रीची रक्कम कमी का, याचेही उत्तर द्यावे लागेल.

याहून मोठी उणीव आहे ती बोलण्याची. ज्या थोड्या पुरुषांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, ते त्याबद्दल अवाक्षर काढीत नाहीत. त्यामुळे खेड्यातल्या तरुणाला आणीबाणीच्या कथा ठाऊक असतात, पण शस्त्रक्रियेनंतर पंधरा वर्षे नीट संसार करणारा, शेत नांगरणारा एकही माणूस ठाऊक नसतो. या मौनात मीही सामील आहे. दुसऱ्या मुलीनंतर आम्ही दोघांनी थांबायचे ठरवले, तेव्हा पत्नीचे दुसरे बाळंतपण शस्त्रक्रियेने झालेले होते. तिला पुन्हा टेबलावर न चढवता माझीच शस्त्रक्रिया करावी, असे मी म्हणालो. माझी आई म्हणाली, ‘तुला कशाला? तिचं करून टाका.’ वडील काही बोलले नाहीत. पण शस्त्रक्रियेच्या दिवशी तेच माझ्याबरोबर रुग्णालयात आले, आणि आत जाण्यापूर्वी त्यांनी दोनच शब्द विचारले, ‘नक्की ना?’ तो प्रश्न त्यांनी त्या शेतमजुरालाही विचारायला हवा होता, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळत होते.

महाविद्यालयात दिलेल्या रजेच्या अर्जात मी कारण लिहिले होते, ‘किरकोळ शस्त्रक्रिया’. सहकाऱ्यांना हर्निया वाटला आणि मी तो समज दूर केला नाही. लोकसंख्येवर तास घेताना वर्गात कित्येकदा आकडे फळ्यावर लिहिले, पण ०.३ टक्क्यांतला एक मनुष्य त्यांच्यासमोर उभा आहे, हे मुलांना कधी सांगितले नाही. अर्जात लिहायचे जे टाळले, ते येथे लिहीत आहे. फाटकाबाहेर उभ्या असलेल्यांपैकी एखाद्याच्या वाचनात हे आले, तर त्याने चहाचा पेला खाली ठेवून ओसरीपर्यंत यावे आणि निदान विचारणा करावी. एवढ्याने त्याचा रोज बुडणार नाही.